छपराखालचे दोनशे मीटर: न्यूयॉर्कच्या आर्मरीतील शालेय इनडोअर स्पर्धा

अमेरिकेच्या ईशान्येकडील राज्यांत डिसेंबरपासून मार्चपर्यंत मैदाने बर्फाखाली असतात आणि त्या काळात शाळकरी मुलांच्या मैदानी स्पर्धा छपराखाली, दोनशे मीटरच्या ट्रॅकवर होतात. माझी मुलगी न्यू जर्सीतील आमच्या गावच्या हायस्कूलच्या संघातून नववीपासून धावते आहे. तेव्हापासून इथले मराठी आईवडील मला एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारत आले आहेत: हिवाळ्यातील हे धावणे म्हणजे वसंतातील खऱ्या मोसमाची तयारीच ना? मला हे मुळीच पटत नाही. इनडोअर ही स्वतंत्र विद्या आहे, तिचे डावपेच वेगळे आहेत, तिच्यात चमकणारी मुले पुष्कळदा वेगळी असतात आणि तिचा स्वतःचा इतिहास आहे. जे लोक ती केवळ सराव म्हणून पाहतात त्यांच्या नजरेतून तिच्यातील सर्वांत सुंदर गोष्टी निसटतात, असे मला मनापासून वाटते.

सगळा फरक वळणापासून सुरू होतो. बाहेरच्या चारशे मीटरच्या ट्रॅकवर वळणाची त्रिज्या ३६.५ मीटर असते. बंदिस्त ट्रॅकवर ती १७.२ मीटर, म्हणजे निम्म्याहूनही कमी. त्रिज्या निम्मी झाली की त्याच वेगाने वळण घेण्यासाठी शरीराला आतल्या बाजूला दुप्पट ओढ लागते. चारशे मीटर पन्नास सेकंदांत धावणारा मुलगा सेकंदाला सरासरी ८ मीटर जातो. बाहेरच्या वळणावर त्याला सुमारे १० अंश कलावे लागते, तर आतल्या ट्रॅकवर सुमारे २० अंश. सपाट जमिनीवर इतके कलून धावायचे म्हणजे डाव्या घोट्यावर आणि पोटरीवर फार ताण येतो आणि पाऊल घसरण्याची भीती वाटून वेग आपोआप कमी होतो. म्हणून चांगल्या इनडोअर ट्रॅकची वळणे बाहेरून उचललेली असतात, घाटातील रस्त्याचे वळण दरीच्या बाजूने उचललेले असते तशी. हा उतार साधारण १० अंशांचा असतो आणि मुलीला पहिल्यांदा तिथे उभे राहिलेले पाहिले तेव्हा सहाव्या लेनची उंची पाहून मीच दचकले होते.

अर्थात सगळीकडे असे ट्रॅक नाहीत. न्यू जर्सीतील मुलांच्या हिवाळ्यातील पुष्कळशा शर्यती टॉम्स रिव्हर येथील हवेच्या दाबावर उभ्या असलेल्या घुमटाखाली होतात. त्या घुमटाला सगळे ‘बबल’ म्हणतात आणि तिथला ट्रॅक सपाट आहे. न्यूयॉर्क शहरातील स्टॅटन आयलंडवर २०१५ मध्ये सुरू झालेल्या ओशन ब्रीझ संकुलात वळणे हायड्रॉलिक यंत्रणेने वर उचलता येतात आणि पुन्हा सपाटही करता येतात. त्यामुळे आमच्या मुलांना एकाच मोसमात दोन्ही प्रकारच्या वळणांशी जुळवून घ्यावे लागते. सपाट ट्रॅकवर नोंदलेली वेळ आणि उचललेल्या वळणांवर नोंदलेली वेळ शेजारी शेजारी ठेवून कोण वरचढ हे ठरवणाऱ्या पालकांना मी दरवर्षी हे समजावून सांगते.

वळण इतके तीव्र असले की लेनलाही महत्त्व येते. बाहेरच्या लेनमध्ये वळण थोडे सैल असते, शिवाय उताराच्या माथ्यावरून सरळ पट्ट्यावर उतरताना वेग मिळतो. आतल्या पहिल्या लेनमध्ये यातले काहीच मिळत नाही. हा अन्याय इतका उघड आहे की जागतिक इनडोअर स्पर्धेतून दोनशे मीटरची शर्यत २००४ नंतर काढूनच टाकण्यात आली. शालेय स्पर्धांत मात्र ती अजूनही धावली जाते. पात्रता वेळ चांगली असलेल्यांना पाचवी आणि सहावी लेन देतात, म्हणजे पहिली लेन मिळणाऱ्या मुलाला आधीच मागे असताना आणखी मागे ढकलले जाते. तरीही ही शर्यत शाळांनी सोडू नये असे माझे मत आहे, कारण बहुतेक मुलांची स्पर्धा शेजारच्या लेनपेक्षा स्वतःच्या मागच्या वेळेशी असते.

चारशे मीटरमध्ये या वळणाचे सगळे डावपेच एकवटतात. दोन फेऱ्यांची ही शर्यत आहे. पहिली दोन वळणे प्रत्येकाने आपापल्या लेनमध्ये धावायची आणि दुसरे वळण संपताच सगळ्यांना आत यायची मुभा मिळते. त्या क्षणी जो पुढे असतो तो आतली कड धरतो आणि बाकीच्यांना त्याला ओलांडायचे असेल तर वळणावर बाहेरून, लांबचे अंतर कापत जावे लागते, किंवा पन्नास मीटरपेक्षाही आखूड सरळ पट्ट्यावर झटपट पुढे निघावे लागते. त्यामुळे बाहेर शेवटच्या शंभर मीटरसाठी दम राखून ठेवणारे हुशार धावपटू आत अडकून पडतात आणि पहिल्या फेरीत निर्भयपणे झेपावणारे जिंकतात. माझ्या मुलीच्या कोचबाई मुलींना एवढेच सांगतात की पहिली फेरी तुम्ही धावायची, दुसरी तुम्हाला धाववेल. बाहेरच्या ट्रॅकवर हा सल्ला वेडेपणाचा ठरेल, इथे तो अचूक आहे.

लांबच्या शर्यतींमध्ये प्रश्न गर्दीचा असतो. एक मैल म्हणजे आठ फेऱ्या आणि वर सुमारे सव्वानऊ मीटर, दोन मैल म्हणजे सोळा फेऱ्यांहून थोडे जास्त. दहाबारा मुले एकमेकांच्या कोपरांच्या अंतरावर धावत असतात, दर काही सेकंदांनी नवे वळण येते आणि मागे पडलेल्या मुलांना पुढच्यांनी फेरीने गाठायला सुरुवात केली की फेऱ्या मोजणाऱ्या पंचांची खरी परीक्षा होते. तळपायाच्या खिळ्यांची लांबी पाव इंचापेक्षा जास्त चालत नाही, कारण लांब खिळ्यांनी पृष्ठभाग फाटतो, आणि मुले शर्यतीला जाण्याआधी बूट उलटे करून तपासले जातात. ५५ किंवा ६० मीटरच्या शर्यतीत तर रेषा ओलांडल्यावर थांबायला जागाच अपुरी असते आणि समोरच्या जाड गाद्यांवर मुले अक्षरशः जाऊन आदळतात. गोळाफेकीसाठी जमीन फुटू नये म्हणून मऊ वेष्टनाचा गोळा वापरतात; वजन मात्र बाहेरच्याइतकेच, मुलांसाठी १२ पौंड आणि मुलींसाठी ४ किलो. आणि हवा इतकी कोरडी असते की आठशे मीटर किंवा मैल धावलेले प्रत्येक मूल संध्याकाळभर खोकत राहते. नव्या पालकांनी त्याला घाबरू नये. दमा असलेल्या मुलांच्या आईवडिलांनी मात्र औषधाचा पंप कोचकडे आधीच देऊन ठेवावा.

या खेळाचे अमेरिकेतील सर्वांत लाडके घर न्यूयॉर्कमध्ये, मॅनहॅटनच्या वरच्या टोकाला वॉशिंग्टन हाइट्स भागात आहे. फोर्ट वॉशिंग्टन अ‍ॅव्हेन्यूवरील ‘आर्मरी’ १९११ मध्ये लष्कराच्या अभियंता रेजिमेंटसाठी बांधली गेली. कवायतीसाठी खांबांशिवाय उभारलेले तिचे प्रचंड दालन धावण्यासाठी आपोआप योग्य ठरले आणि शहरातील शाळांच्या कितीतरी पिढ्या तिथल्या सपाट लाकडी जमिनीवर धावल्या. पडलेल्या मुलांच्या गुडघ्यांत लाकडाच्या फासा शिरत असत, अशा आठवणी त्या काळातले लोक सांगतात. १९८० च्या दशकात शहरात बेघरांचा प्रश्न भीषण झाला तेव्हा याच जमिनीवर रांगेने खाटा मांडून शेकडो पुरुषांच्या निवाऱ्याची सोय करण्यात आली आणि धावणे थांबले.

तिथे ट्रॅक पुन्हा यावा यासाठी ज्यांनी जिवाचे रान केले ते डॉ. नॉर्बर्ट सँडर हे पेशाने डॉक्टर होते आणि १९७४ ची न्यूयॉर्क सिटी मॅरेथॉन त्यांनी जिंकली होती. त्यांच्या प्रयत्नांमुळे १९९३ मध्ये आर्मरी पुन्हा धावपटूंसाठी उघडली आणि आज तिथे उचललेल्या वळणांचा उत्तम ट्रॅक आहे. २०१७ मध्ये सँडर गेले. मला या कथेतील एक गोष्ट फार मोलाची वाटते आणि ती सहसा कोणी सांगत नाही: निवारा तिथून पूर्णपणे हटवला गेला नाही. त्याच इमारतीच्या एका भागात बेघर पुरुषांसाठी लहान निवारा अजूनही चालतो. मुलांना खेळ हवा की गरिबांना छप्पर हवे, असा झगडा पुष्कळ शहरांत होतो आणि बहुतेक वेळा दोघांपैकी एक जण पूर्ण हरतो. इथे दोघांनाही जागा मिळाली. शनिवारी सकाळी बॅगा खांद्यावर टाकून रांगेत उभ्या असलेल्या मुलामुलींना मी हे आवर्जून सांगते, कारण ज्या इमारतीत आपण धावतो तिची माहिती त्यांना असली पाहिजे.

या ट्रॅकवर जे घडले त्याची यादी मोठी आहे. माझ्या मनात दोन शर्यती ठळक आहेत. २० जानेवारी २००१ रोजी व्हर्जिनियातील रेस्टन गावच्या शाळेत शिकणारा अ‍ॅलन वेब याने इथे मैलाचे अंतर ३ मिनिटे ५९.८६ सेकंदांत कापले. छपराखाली चार मिनिटांच्या आत मैल धावणारा तो पहिला अमेरिकन हायस्कूल विद्यार्थी. जिम रायन याने १९६४ मध्ये बाहेरच्या ट्रॅकवर शालेय वयात चार मिनिटांची भिंत पाडली होती. तीच गोष्ट आत घडायला पुढे सदतीस वर्षे जावी लागली, यावरूनच आठ फेऱ्यांची ही शर्यत किती अवघड आहे ते समजते. वेबचा तो विक्रम पंधरा वर्षे टिकला. २०१६ च्या फेब्रुवारीत व्हर्जिनियाच्याच ड्रू हंटर याने तो मोडला आणि त्याच महिन्यात याच आर्मरीत, मिलरोज गेम्समध्ये, ३:५७.८१ पर्यंत खाली आणला. मिलरोज गेम्स ही १९०८ मध्ये सुरू झालेली स्पर्धा अनेक दशके मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये होत असे आणि २०१२ पासून ती आर्मरीत होते. शाळकरी मुलांना तिच्या एका दिवसात जगातील उत्तम धावपटूंच्या शेजारी उतरता येते, हे तिचे मला सर्वांत आवडणारे वैशिष्ट्य आहे.

आमच्या राज्याचा अभिमान मात्र मुलींकडे आहे. सिडनी मॅकलॉफ्लिन स्कॉच प्लेन्सच्या युनियन कॅथलिक शाळेत शिकत असतानाच २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये धावली. ट्रेंटनची अ‍ॅथिंग मू शाळेच्या संघातून न धावता ट्रेंटन ट्रॅक क्लबकडून धावत असे. फेब्रुवारी २०१९ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, ओशन ब्रीझ येथे राष्ट्रीय स्पर्धेत मोठ्यांच्या गटात उतरून तिने सहाशे मीटर १:२३.५७ मध्ये पूर्ण केले आणि अमेरिकेचा विक्रम केला. अडीच वर्षांनी टोकियोत आठशे मीटरचे ऑलिंपिक सुवर्ण तिच्या गळ्यात होते. माझी मुलगीही आठशे मीटर धावते. तिच्या खोलीत त्या सहाशे मीटरच्या शर्यतीचे चित्रण इतक्या वेळा लागते की वळणावर मू कुठे आत घुसते हे आता मलाही पाठ झाले आहे.

स्पर्धांची शिडी राज्याराज्यांत वेगळी असते. न्यू जर्सीत आधी काउंटी, मग विभाग, मग शाळेच्या आकारानुसार गट आणि शेवटी सगळ्या गटांतील उत्तम मुलांची ‘मीट ऑफ चॅम्पियन्स’ अशी चढण आहे. कॅलिफोर्निया किंवा टेक्सास यांसारख्या उबदार राज्यांत मात्र शाळांची इनडोअर राज्य स्पर्धाच नाही, कारण तिथे हिवाळ्यातही बाहेर धावता येते. मार्चमध्ये राष्ट्रीय म्हणवल्या जाणाऱ्या मोठ्या स्पर्धा होतात. त्या वर्षानुवर्षे आर्मरीत होत आल्या आणि आता बोस्टनमधील नव्या ट्रॅकवरही होतात. त्या शाळांच्या संघटना भरवत नाहीत, खासगी संस्था आणि बुटांच्या कंपन्यांच्या आधाराने भरवल्या जातात. म्हणून पुष्कळ मुले तिथे शाळेच्या नावाऐवजी एखाद्या क्लबच्या नावाने उतरतात. पात्रता वेळ गाठली तरी प्रवेशशुल्क, प्रवास आणि हॉटेल यांचा खर्च घरच्यांनाच करावा लागतो. आम्ही न्यूयॉर्कहून पुलापलीकडेच राहतो म्हणून आम्हाला ते जमते. दूरच्या राज्यातील, हातावर पोट असलेल्या घरातील मुलीला तेवढ्याच वेगाने धावूनही घरी बसावे लागते. ‘राष्ट्रीय’ हा शब्द लावणाऱ्यांनी या मुलींच्या प्रवासाची सोय करण्यावर आणखी पैसा खर्च करावा, असे मला ठामपणे वाटते.

या वर्षी आमच्या मुलींची चार गुणिले आठशे मीटरची रिले आर्मरीत होती. अशा स्पर्धेत बहुधा वेगळी अंतिम फेरी नसते. वेळेनुसार ‘हीट’, म्हणजे संघांच्या वेगवेगळ्या शर्यती, लावतात, हळू संघ आधी, वेगवान संघ शेवटी, आणि सर्वांच्या वेळा एकत्र करून क्रम ठरतो. आमचा संघ मधल्या हीटमध्ये होता. मुली तासभर आधीच ‘बुलपेन’मध्ये गेल्या. पंच तिथे मुलींना रांगेने बसवतात, कमरेला क्रमांकांचे स्टिकर लावून देतात आणि आईवडिलांना तिथे प्रवेश नसतो. जाताना मुलीने मला सांगितले, “आई, तू वळणाजवळ उभी राहा, रेषेजवळ नको. रेषेजवळ मला काही ऐकू येत नाही.” मी वरच्या कठड्याला, बॅटन बदलण्याच्या जागेपासून दूर, दुसऱ्या वळणावर जाऊन उभी राहिले.

रिलेची अदलाबदल पाहिल्याशिवाय इनडोअरचा थरार कळत नाही. येणाऱ्या मुली ज्या क्रमाने शेवटचे वळण घेतात त्या क्रमाने पंच जाणाऱ्या मुलींना आतून बाहेर उभे करतात आणि क्रम बदलला की उभ्या मुलींनीही चपळाईने जागा बदलायची असते. आठ संघ, वीस मीटरचा पट्टा, सोळा मुली आणि आठ बॅटन. आमची दुसरी धावपटू पाचव्या क्रमांकावर आली, तिच्या पुढच्या संघाचा बॅटन निसटला, तो उचलायला वाकलेल्या मुलीला चुकवून माझी लेक बाहेरून निघाली आणि पहिल्याच वळणावर तिसऱ्या लेनमध्ये ढकलली गेली. चार फेऱ्यांच्या शर्यतीत एवढ्या बाहेरून वळण घेतले की प्रत्येक वळणाला काही मीटर जास्त धावावे लागते. तिने घाई केली नाही. सरळ पट्ट्यावर दोन पावले पुढे जाऊन ती पुन्हा आतल्या कडेला आली, दोन फेऱ्या समोरच्या मुलीच्या खांद्यामागे चिकटून राहिली आणि शेवटच्या फेरीचे पहिले वळण लागण्याआधीच, जिथे कोणी अपेक्षा करत नाही अशा जागी, पुढे निघून गेली. तिने बॅटन तिसऱ्या क्रमांकावर दिला आणि तिसऱ्या क्रमांकावरच आमची हीट संपली. एकूण यादीत संघ पदकांपासून पुष्कळ दूर होता, पण त्या चौघींनी शाळेचा विक्रम केला होता आणि खोकत खोकत त्या एकमेकींच्या गळ्यात पडल्या होत्या. ती चाल तिला कोणी शिकवली असे मी विचारले तेव्हा ती म्हणाली की बबलमध्ये सपाट वळणावर ओलांडताच येत नाही, म्हणून वळणाच्या आधी निघायची सवय लागली.

मी स्वतः सातारा जिल्ह्यातील शाळेतून आठशे मीटर धावत असे आणि आमच्या जिल्हा स्पर्धा बहुधा पावसाळ्याच्या शेवटी येत. मैदानावर मारलेली फक्की सकाळच्या सरीत वाहून जाई, लेन दिसेनाशा होत, आणि उंच उडीची जागा चिखलाने भरली की ती स्पर्धा पुढे ढकलली जाई. महाराष्ट्राचा हिवाळा धावण्यासाठी वरदान आहे. आपला खरा बर्फाळ मोसम म्हणजे पावसाळा, आणि त्याच महिन्यांत शाळांच्या स्पर्धांची धावपळ सुरू होते. भारतातील पहिले बंदिस्त अ‍ॅथलेटिक्स स्टेडियम भुवनेश्वरच्या कलिंग संकुलात उभे राहिले आहे. पुण्याच्या बालेवाडीत १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभारलेले मोठे क्रीडासंकुल आहे. तिथे छपराखाली दोनशे मीटरचा एक ट्रॅक झाला तर जून ते सप्टेंबर या काळात सातारा, सांगली, नगर, बीड अशा ठिकाणच्या मुलांना कोरड्या जमिनीवर, अचूक लेनमध्ये धावता येईल. बंदिस्त ट्रॅकचा उपयोग आपल्या धावपटूंना काय होतो हे गुलवीर सिंगने दाखवून दिले आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये बोस्टन विद्यापीठाच्या इनडोअर ट्रॅकवर त्याने पाच हजार मीटर १२:५९.७७ मध्ये धावून दाखवले आणि तेरा मिनिटांच्या आत हे अंतर कापणारा तो पहिला भारतीय ठरला. ती पंचवीस फेऱ्यांची शर्यत होती, म्हणजे पन्नास वळणे.

आर्मरीतील स्पर्धा संपल्यावर मुलींना जेमतेम आठवडाभराची विश्रांती मिळाली आणि बाहेरचा मोसम सुरू झाला. आता कोचबाई त्यांना उलटी गोष्ट शिकवत आहेत: पहिल्या दोनशे मीटरला आवर घाला, आतल्या कडेसाठी धडपडू नका, शेवटच्या सरळ पट्ट्यावर ऐंशीहून अधिक मीटरची जागा आहे, तिथे ओलांडा. पहिल्या सरावात माझी मुलगी सवयीने वळणाआधीच निघाली आणि पुढचे लांबलचक वळण संपेपर्यंत तिचा दम गेला. ती या आठवड्यात रोज चारशेच्या ट्रॅकच्या वळणांवर दम राखून धावण्याचा सराव करते आहे.